पट्टी सोडायची वेळ

औराद तालुक्यात दोन प्रकारची माणसं होती. ज्यांनी श्रीपतरावांच्या छातीला कान लावला होता ती, आणि ज्यांची पाळी अजून यायची होती ती.

तेरा वर्षांमागं हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात श्रीपतरावांचं जुनं काळीज काढलं आणि त्या जागी दुसऱ्याचं बसवलं. दुसरा कोण, ते दवाखान्यानं सांगितलं नाही. तिकडचाच एक तरणा पोरगा होता, मोटारसायकलवरून पडला होता, एवढंच एका आयाबाईच्या तोंडून निसटलं. श्रीपतराव गावी परतले तेव्हा माणसं बघायला आली. नवी बोअर पाडली की पाणी किती लागलं ते बघायला येतात, तशी. चहा प्यायची, छातीला कान लावायची, "व्हय की, वाजायलंय," म्हणून उठायची. एका म्हाताऱ्यानं जाता जाता विचारलं, "गॅरंटी किती वर्साची दिलीय?" सगळे हसले. श्रीपतरावांनी दवाखान्यात हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा डॉक्टरही असेच हसले होते.

आजाराआधी त्यांना सगळे कलमवाले श्रीपतराव म्हणायचे. औरादहून बीदरकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांची रोपवाटिका. गावठी आंब्याच्या खुंटावर केशरची काडी ते अशी बसवायचे की जोड कुठं आहे ते खुंटालाही सांगता येऊ नये. उदगीर, भालकी, पार नारायणखेडपर्यंतच्या बागांत त्यांच्या हातची झाडं उभी होती. काळीज बदललं आणि दोन गोष्टी बंद झाल्या. माती बंद, कारण मातीत बुरशी असते, आणि बसवलेल्या काळजावर अंगानं तुटून पडू नये म्हणून गोळ्यांनी अंगातली सगळी राखणदारीच झोपवून ठेवलेली. आणि चाकू बंद, कारण त्याच गोळ्यांनी हात थरथरायला लागले. कप उचलला की अर्धा चहा बशीत. कलम बांधणाऱ्याला असले हात देणं म्हणजे गवयाला जन्माचा खोकला देण्यासारखं.

तेव्हापासून ते तोंडाला मास्क लावून हिरव्या जाळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसत आणि व्यंकटला सांगत. व्यंकट हा त्यांचा जुना गडी. तेलंगणाच्या हद्दीपलीकडून आलेला, चाळिशी उलटलेला, कामाला वाघ आणि कलमाला कसाई.

"व्यंकट, काप तिरपा घे. तिरपा!"

"तिरपाच हाय, अण्णा."

"ती पाचर हाय का खाटेचा खूर?"

"तुमी लांबून बगायलाव, अण्णा. जवळून लई तिरपा दिसतंय."

व्यंकटची निम्मी कलमं वाळून जायची. श्रीपतराव चिडायचे, पण त्यातही एक भानगड होती. बसवलेल्या काळजाला मेंदूकडून येणाऱ्या तारा जोडता येत नाहीत. पंप आपला आपण चालतो, आणि बातमी त्याला रक्तातून, सावकाश पोचते. त्यामुळं राग तोंडाला लगेच यायचा आणि काळजाला उशिरा कळायचा. व्यंकटला शिव्या घालताना छाती गोगलगाईसारखी शांत, आणि घरी येऊन जेवायला बसले की एकाएकी धडधड सुरू.

"आता कुणावर?" चंद्रभागाबाई भाकरी थापता थापता विचारायच्या.

"मघाच्या व्यंकटवर."

"मंग जेवा. त्यो कवाच घरी गेला."

चंद्रभागाबाईंनी ही सगळी व्यवस्था संसारात बसवून घेतली होती. गोळ्या ठेवायला त्यांनी जुना मसाल्याचा डबा घेतला होता. जिरं होतं त्या वाटीत सकाळच्या, मोहरीच्या वाटीत रात्रीच्या. सकाळी आठाला आणि रात्री आठाला गोळी स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या तळहातावर ठेवायच्या. लग्नाला जा, मयताला जा, डबा पिशवीत. आणि सर्वपित्री अमावस्येला त्या सासू-सासऱ्यांच्या पानांशेजारी एक पान जास्त मांडायच्या. त्या पोरासाठी. नाव नाही, गोत्र नाही, तोंडवळा नाही. पोरगा तिकडचा म्हणजे तिखट खाणारा, एवढा अंदाज करून त्या पानात अंबाडीची चटणी वाढायच्या, तीही डोळ्यांतून पाणी येईल अशी. "त्येचं काळीज आपल्यात रगात फिरवायलंय बिचारं," त्या म्हणायच्या, "त्येला अळणी कसं वाढू?"

दवाखान्याचाही एक वार्षिक कार्यक्रम होता. ज्यांची काळजं बदलली त्यांना वर्षातून एकदा व्यासपीठावर बसवायचे, शाल आणि गुलाबाचं फूल द्यायचे, फोटो काढायचे. पहिल्या वर्षी श्रीपतरावांच्या रांगेत दाटीवाटीनं खुर्च्या होत्या. दरवर्षी कुणीतरी यायचं राहायचं. कुणाची किडनी गेली, कुणाला फुप्फुसात बुरशी झाली, एकाच्या कातडीला कॅन्सर झाला. निवेदक त्यांची नावं घ्यायचा नाही, नुसत्या खुर्च्या कमी व्हायच्या. शेवटी जुन्या रांगेत दोघंच उरले. एक श्रीपतराव आणि दुसरा निर्णा गावचा हावगेप्पा, हुमनाबादला अडत दुकान असलेला. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि गोळ्यांच्या बाबतीत असा कडक की पूजा चुकली तरी चालेल, गोळी चुकायची नाही.

गेल्या कार्यक्रमात हावगेप्पा कानात कुजबुजला होता, "श्रीपतअण्णा, खुर्च्या बगितलाव? आता फुडल्या साली दोघातला एकच."

"कोण?"

"ज्येला गुलाब आवडत न्हाई त्यो मरंल. मला तर आवडत न्हाई बाबा."

"मलाबी न्हाई."

"मंग दवाखान्याची शाल वाचली."

हावगेप्पा वैशाखात गेला. दुकानात गादीवर बसला होता. समोर एक शेतकरी तुरीचा भाव करत होता. शेतकऱ्यानं भाव सांगितला, हावगेप्पा गप्प. शेतकऱ्यानं थोडा उतरवला, हावगेप्पा गप्प. तिसऱ्यांदा उतरवून शेतकरी कळवळून म्हणाला, "मालक, आता ह्येच्याखाली परवडत न्हाई," आणि हात धरायला गेला, तेव्हा हात गार लागला. काळजाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत होत बंद झाल्या होत्या. आपल्या काळजानं माणूस जातो तेव्हा निदान छातीत कळ येते, माणूस ओरडतो, कुणी तरी धावतं. ह्या काळजाला कळ येण्याची सोयच नव्हती. "इस दिल में दर्द नहीं होता," असं डॉक्टरांनी तेरा वर्षांमागं सांगितलं तेव्हा श्रीपतरावांना ती आनंदाची बातमी वाटली होती.

हावगेप्पाला माती देऊन परत येताना श्रीपतराव गाडीत हिशेब लावत होते. हावगेप्पानं एक गोळी चुकवली नव्हती. एक नाही.

त्याच आठवड्यात वादळ झालं आणि रोपवाटिकेच्या मागचा केशर मोडला. मुळासकट उपटला असता तर श्रीपतरावांनी वाऱ्याला दोष दिला असता. पण झाड गुडघ्याएवढ्या उंचीवर, जोडाच्या जागी, काकडी मोडावी तसं मोडलं होतं. ते वाकून बघायला लागले आणि बघतच राहिले. खोडाला भोवती खोल खाच होती, आणि खाचेत, सालीनं गिळलेली, प्लास्टिकची पट्टी.

हे झाड त्यांनी ऑपरेशनच्या वर्षी बांधलेलं. शेवटचं कलम. बांधलं आणि पंधरा दिवसांत दवाखान्यात गेले. कलम धरलं की पट्टी सोडायची असते. जोड एकजीव होईपर्यंत ती आधार असते, त्यानंतर फास. नाही सोडली तर झाड वरून मोठं दिसतं, मोहरतं, पाडाला येतं, आणि आत पट्टी खोडाला आवळत जाते. हे श्रीपतराव शेकडो शेतकऱ्यांना शिकवत आले होते. सगळ्या धावपळीत ह्या एका झाडाची पट्टी सोडायला कुणाला सुचलं नव्हतं.

"अण्णा, जळणाला तोडू?" व्यंकटनं विचारलं.

"थांब जरा."

श्रीपतराव त्या मोडक्या खुंटासमोर खुर्ची ठेवून दुपारभर बसले. झाड आणि काळीज एकाच वर्षाचं.

जेठात ते नेहमीच्या तपासणीला गेले. पहिले डॉक्टर आता दुसरीकडं गेले होते. त्यांच्या जागी नवे डॉक्टर आले होते आणि दवाखान्यानं त्यांना कसल्याही गोळ्यांशिवाय स्वीकारलं होतं. नव्या डॉक्टरांनी कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या. "किडनी थक गई, श्रीपतराव. ये गोळियोंसेच होता. थोडा डोस कम करते."

गोळ्यांनीच. कमी करू. हे दोन शब्द श्रीपतरावांनी बीदरपर्यंत मांडीवर घेऊन आणले. डॉक्टरांनी पट्टी सैल केली होती, एवढाच त्याचा अर्थ. सोडायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, कारण त्यांनी जन्मात एकही झाड लावलं नव्हतं. तेरा वर्षांत न धरलेलं कलम कुठं असतं का? वाळायचं ते महिन्यात वाळतं. जे तेरा वर्षं टिकलं ते एकजीव झालेलंच असणार. आणि हावगेप्पा? तो पट्टीनं मेला. पट्टी न सोडल्यानं मेला. चाळीस वर्षं ज्या गोष्टीनं त्यांना कधी फसवलं नव्हतं, त्या गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवला.

फोन करून डॉक्टरांना विचारता आलं असतं. पण कलमाबद्दल श्रीपतरावांनी कुणाला विचारायचं, म्हणजे नदीनं पाण्याबद्दल चौकशी करण्यासारखं.

दुसऱ्या दिवसापासून चंद्रभागाबाई तळहातावर गोळी ठेवायच्या, श्रीपतराव तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे, आणि मग फिरत फिरत जाळीखाली जाऊन एका जास्वंदीच्या कुंडीत थुंकायचे. जास्वंदीला काही झालं नाही. झाडांना सगळं पचतं.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी चहाचा कप उचलला आणि चहा कपातच राहिला. श्रीपतरावांनी कप खाली ठेवला. पुन्हा उचलला. बशी कोरडी. त्यांनी समोर हात धरले, बोटं पसरली. बोटं त्यांच्याकडं एखाद्या आज्ञाधारक वर्गासारखी बघत होती.

"चंद्रभागे, सुई आण."

"सुई कशाला?"

"आण म्हणलं की."

त्यांनी दोरा पहिल्या खेपेला ओवला. चंद्रभागाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग एकदम म्हणाल्या, "मल्लण्णानं ऐकलं! मी माघात मैलारच्या मल्लण्णाला बोलले हुते. ह्येंचा हात सुदा होऊ दे, अनवाणी यीन."

श्रीपतरावांनी दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. मल्लण्णाला श्रेय मिळत असेल तर मिळू दे, त्यात कुणाचं काय जातं, असा त्यांनी विचार केला. चंद्रभागाबाई पुढच्या रविवारी खानापूरच्या मैलारला अनवाणी गेल्या. परत आल्या तेव्हा कपाळ भंडाऱ्यानं पिवळं आणि टाचा भेगाळलेल्या. नवऱ्याच्या दोन्ही हातांना त्यांनी भंडारा लावला.

आषाढात श्रीपतराव चाकू घेऊन खाली बसले. व्यंकट घाबरला.

"अण्णा, माती!"

"मातीचं आता काय न्हाई. बाजूला सर."

"स्नेहाअक्काला कळलं तर माझं सालडं काढतेत." स्नेहा ही श्रीपतरावांची लेक. बीदरला असते, तिथल्या कोळार वसाहतीतल्या एका गोदामात हिशेबाला आहे, आणि बापाच्या तब्येतीच्या बाबतीत पोलिसांहून कडक.

"तिला सांग, मल्लण्णानं सांगितलंय."

खुंटाला मधोमध चीर. काडीला दोन बाजूंनी काप, तिरपा, एकाच ओढीत. काडी चिरेत सरकली आणि सालीला साल अशी मिळाली की व्यंकटनं वाकून जोड शोधला. पट्टीचे वेढे खालून वर, शेवटची गाठ. श्रीपतरावांनी मास्क काढून गाठीवर फुंकर मारली, पूर्वीसारखी, कारण नसताना. तेरा वर्षांत त्यांना आपण जिवंत आहोत असं सगळ्यांनी सांगितलं होतं, कान लावून लावून सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना ते स्वतःला कळलं. रोज सकाळी ते बसायचे आणि ऊन चढेपर्यंत बांधायचे. व्यंकट काड्या कापून द्यायचा आणि म्हणायचा, "अण्णा, मी इतकी वर्सं काय करलालो की."

"सरपण."

श्रावण लागला तेव्हा खाली बसलं की उठताना दम लागायला लागला. वय झालं, श्रीपतराव म्हणाले. मग चपला घट्ट व्हायला लागल्या. पावसाळ्यात चामडं आकसतं, ते म्हणाले. मग रात्री आडवं पडलं की बुडाल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा तीन उशा लावून बसून झोपायला लागले आणि म्हणाले, "हैदराबादचे नवाब असंच झोपायचे." छातीत काहीच दुखत नव्हतं. त्यामुळं सगळं ठीक असणार, असं ते स्वतःला सांगत होते. दुखत नसलं म्हणजे काय, हे हावगेप्पाच्या मयतापासून त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण बोटं थरथरत नव्हती. ते सारखे बोटांकडंच बघत होते.

शेवटी स्नेहा आली, बापाचे पाय बघितले, बोट दाबून बघितलं, खड्डा तसाच राहिला. तिनं वाद न घालता गाडी बोलावली.

दवाखान्यात दोन दिवस नळ्या, सुया, काळजाचा तुकडा काढून तपासणं. मग डॉक्टर आले. हातात कागद. त्यांनी श्रीपतरावांकडं न बघता चंद्रभागाबाईंकडं बघितलं.

"अम्मा, गोळी कौन देता?"

"मी देतेय. माज्या हातानं."

"रोज?"

"रोज! तेरा वर्सं झालं."

"खून में गोळी का नामोनिशान नहीं, अम्मा. महिना-दो महिना से नहीं." डॉक्टरांचा आवाज सौम्य होता, पण नजर नव्हती. "कभी भूल गए होंगे? बॉक्स बदल गया?"

चंद्रभागाबाईंनी पिशवीतून मसाल्याचा डबा काढला. झाकण उघडून डॉक्टरांपुढं धरला. एकेका वाटीवर बोट ठेवलं. "ही सकाळची, जिऱ्याची वाटी... ही रातची... मी कदी... स्नेहा, सांग की गं ह्येन्ला..."

"तिनं दिल्या," श्रीपतराव म्हणाले. "मी घेतलो न्हाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खुंट, काडी, पट्टी, मोडलेला केशर, हावगेप्पा. नीट, शिकाऊ शेतकऱ्यांना समजावून सांगायचे तसं. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर ते बिछान्याच्या कडेला बसले.

"पेड मान लेता है, श्रीपतराव. आदमी का बदन कब्भी नहीं मानता. उसको रोज सुलाना पडता. एक दिन जागा तो पूछेगाच, ये कौन है मेरे घर में."

"तेरा साल के बाद भी?"

"तेरा क्या, तीस के बाद भी."

"मतलब कलम नहीं," श्रीपतराव म्हणाले. "किरायेदार."

डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. बाकी त्यांनी सांगितलं ते असं: काळीज सुजलंय, बरंचसं निकामी झालंय. जोरदार औषधं देऊ, गोळ्या परत सुरू, जितके दिवस निघतील तितके काढू. दुसरं काळीज बसवायचं म्हटलं तर किडन्या साथ देणार नाहीत, आणि वयही नाही. आणि पट्टीचं झाड सांगताय, पण रक्तवाहिन्या आतून आधीच अरुंद झाल्या होत्या. गोळ्या घेतल्या असत्या तरी काही वर्षंच. पण ती वर्षं होती.

श्रीपतराव शांतपणे ऐकत होते. छाती गोगलगाईसारखी. डॉक्टर गेले. स्नेहा भिंतीकडं तोंड करून उभी होती. वॉर्डात चहावाला आला, श्रीपतरावांनी चहा घेतला, फुंकर मारली, आणि तेव्हा कुठं काळजाला बातमी पोचली. ते असं उसळायला लागलं की यंत्रानं किंचाळून नर्सला बोलावलं.

चंद्रभागाबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. रात्रीचा दिवा बारीक झाल्यावर एकदाच म्हणाल्या, "मैलारला मी अनवाणी गेले."

"म्हाईत हाय."

"मल्लण्णा काय म्हणला आसंल मला? दारात भंडारा उधळत हुते मी. येडी."

चंद्रभागाबाईंनी पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि पुन्हा तोंड फिरवून बसल्या.

भाद्रपदात ते घरी आले. हात परत थरथरायला लागले होते, पहिल्याहून जास्त. बशीचा प्रश्न मिटला होता, कारण आता चंद्रभागाबाईच कप तोंडाला लावायच्या. पाय सुजून स्टुलावर. गावातली माणसं पुन्हा बघायला आली, पण ह्या खेपेला कुणी छातीला कान लावला नाही. दारातच बसायची, "बरं वाटायलंय का?" विचारायची, आणि उत्तराआधी पावसाबद्दल बोलायला लागायची.

एके दिवशी व्यंकट दारात येऊन उभा राहिला.

"अण्णा, आषाढातली कलमं. सगळी धरलीत. तीन-चार सोडली तर सगळी. असली पालवी मी बगितलो न्हाई बगा."

"हं."

"पट्टी सोडायची वेळ झाली." व्यंकट पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. त्याला सगळं कळलं होतं, सगळ्या तालुक्याला कळलं होतं. "सोडू का... ऱ्हाऊ देऊ?"

श्रीपतरावांनी मांडीवरच्या हातांकडं बघितलं. ते आपापल्या वाटेनं नाचत होते.

"सोड. झाडाची सोड. खुंट आन काडी दोगं खरं बोलतेत. ब्लेड वरून खाली मार, सालीला लागू देऊ नको."

"तुमी खुर्ची घेऊन या की. सांगा."

"लांबून मला सगळंच तिरपं दिसतंय," श्रीपतराव म्हणाले.

व्यंकट गेला. थोडा वेळ त्याच्या ब्लेडचा आवाज येत असेल असं समजून श्रीपतराव कान देऊन बसले. रोपवाटिका तिथून बरीच लांब होती.

सर्वपित्रीला स्नेहा रजा टाकून आली. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. चंद्रभागाबाईंनी सासऱ्यांचं पान मांडलं, सासूबाईंचं मांडलं, आणि थोडं बाजूला त्या पोराचं. भाताचा मुटका, वडा, आणि पाट्यावर वाटलेली अंबाडीची चटणी, लालभडक. श्रीपतराव दारातल्या खुर्चीतून बघत होते.

"चंद्रभागे."

"काय?" दवाखान्यापासून त्या एवढंच बोलायच्या.

"फुडल्या साली ह्येचं पान येगळं मांडू नको."

"कामून?"

"माज्याच पानात वाढ. आमी दोगं एका पानात जेवताव. जायाचं तर एकदमच हाय."

स्नेहा उठून स्वयंपाकघरात गेली. चंद्रभागाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. त्यांनी पानाकडं बघितलं, चटणीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"तुमाला अंबाडीचं तिखट सोसत न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी पळी ठेवली, हात पदराला पुसले आणि मसाल्याचा डबा घेऊन आल्या. आता दुपारचीही एक गोळी होती, मेथ्यांच्या वाटीत. ती त्यांनी स्वतः नवऱ्याच्या तोंडात टाकली, पाणी पाजलं, आणि हनुवटी धरून म्हणाल्या, "आ करा." श्रीपतरावांनी आ केला. "जीभ वर." त्यांनी जीभ वर केली. चंद्रभागाबाईंनी गालांच्या आत बोट फिरवून बघितलं, डाव्या, मग उजव्या. मग डबा बंद केला.

पानं दाखवून झाली, सगळे जेवायला बसले. चंद्रभागाबाई त्यांना कढीभात भरवायला लागल्या. दुसऱ्या घासाला श्रीपतराव थांबले आणि छातीवर हात ठेवला. आत धडधड सुरू झाली होती.

चंद्रभागाबाईंनी घास हातातच धरला. पुष्कळ दिवसांनी त्यांनी विचारलं, "आता कुणावर?"

श्रीपतरावांनी एकेकाला आठवून बघितलं. व्यंकट, डॉक्टर, मल्लण्णा, तो पोरगा, हावगेप्पा, वादळ. कुणावरच राग नव्हता.

"जेवू दे," ते म्हणाले. "हुईल कमी."

चंद्रभागाबाई घास धरून तशाच बसल्या, कमी होण्याची वाट बघत.